‘कळवतो’ म्हणून गेलेली पार्टी परत का येत नाही?

कोथरूडमधला आईचा फ्लॅट नोव्हेंबरात विकायला काढला. जानेवारी संपेपर्यंत एकोणीस जण बघून गेले. एकोणीसही जण ‘छान आहे’ म्हणाले, ‘घरी बोलतो आणि कळवतो’ म्हणाले. कळवलं कुणीच नाही. एजंटला विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: “ताई, पार्टी जेन्युइन होती, पण बजेटमध्ये बसलं नाही.” अरे, बजेट विचारूनच आणली होतीस ना पार्टी?

स्थळाला नकार द्यायचा तर आपण पत्रिका जुळत नाही म्हणतो. घराला नकार द्यायचा तर बजेट. खरं कारण समोरच्याच्या तोंडावर सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि घरमालक चहा विचारत उभा असेल तर नाहीच नाही. त्यामुळे ‘लोकांना घर का आवडत नाही’ हा प्रश्न लोकांना विचारून सुटत नाही. ते किती वेळ थांबले, कुठे थबकले आणि जाताना शेवटचं काय विचारलं, यावरून तो सोडवावा लागतो.

फेब्रुवारीत मी एक वही केली. तारीख, कुणी आणलं, किती मिनिटं, कुठे थबकले, शेवटचा प्रश्न. पाच रकाने, बस. सात-आठ भेटी लिहून झाल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली: सगळे एकाच कारणाने जात नव्हते. पाच मिनिटांत जाणारे वेगळे, अर्धा तास रमून मग गायब होणारे वेगळे, आईवडिलांना घेऊन दुसऱ्यांदा येणारे आणि मग फोन न उचलणारे आणखी वेगळे. प्रत्येकाचा इलाज निराळा. मी सगळ्यांवर एकच इलाज करत बसले होते, तो म्हणजे किंमत कमी करणं. दोनदा केली. काही उपयोग झाला नाही.

आमचं घर कसं ते आधी सांगते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. १९९३ सालची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूम, मुख्य दार दक्षिणेला. आई गेल्यापासून घर बंद. मी राहते बावधनला, एक चावी माझ्याकडे आणि एक त्याच गल्लीत राहणाऱ्या काकांकडे.

पाच मिनिटांत बाहेर पडतात

हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात सोपं निघालं. आत येतात, हॉलमध्ये दोन पावलं टाकतात, बेडरूममध्ये नुसती मान घालतात, आणि ‘बरं, ठीक आहे’. वहीत अशा भेटींसमोर ‘कुठे थबकले’ या रकान्यात दर वेळी एकच जागा होती: बाथरूमचा पॅसेज.

वास. मला तो येतच नव्हता, कारण मी आल्या आल्या खिडक्या उघडून, उदबत्ती लावून बसायचे. उदबत्तीने वास जात नाही, वर चंदनाचा थर बसतो, एवढंच. शिवाय रिकाम्या घरात उदबत्ती किंवा रूम फ्रेशनरचा भपकारा आला की माणूस आधीच सावध होतो, हे काय झाकतायत म्हणून.

कारण प्लंबरने एका मिनिटात सांगितलं. नहाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्याच्या वळणात कायम थोडं पाणी साचलेलं असतं. ड्रेनेजच्या पाइपातला वास घरात येण्यापासून ते पाणीच अडवतं. घर बंद राहिलं की पाणी हळूहळू उडून जातं, ट्रॅप कोरडा पडतो आणि गटाराचा वास सरळ आत. उन्हाळ्यात तर फारच लवकर. घर कितीही धुऊन पुसून घ्या, ट्रॅप कोरडा असेल तर दोन दिवसांत परत तेच.

इलाज फुकटचा आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी. प्रत्येक म्हणजे प्रत्येक: दोन्ही बाथरूम, बाल्कनीतली मोरी, किचनचं सिंक, वॉश बेसिन. कमोड फ्लश करायचा, कारण त्याच्या भांड्यातलं पाणीही तेच काम करतं. जास्त दिवस जमणार नसेल तर पाणी ओतून झाल्यावर वरून चमचा-दोन चमचे खाण्याचं तेल सोडायचं. तेलाचा तवंग राहतो आणि पाणी लवकर उडत नाही. मी दर गुरुवारी ऑफिसातून येताना जायला लागले. दोन आठवड्यांनी आलेली पार्टी त्याच पॅसेजमध्ये उभी राहून कपाटं मोजत होती.

बंद घराचा दुसरा त्रास म्हणजे नळ. घर बघायला आलेला माणूस काही करो न करो, एक नळ उघडून बघतोच. जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपच्या घरात तीन आठवड्यांनी नळ उघडला की आधी फुस्स करून हवा येते आणि मग तांबूस पाणी. ते गंजाचं असतं, मिनिटभर सोडलं की स्वच्छ येतं. पण ‘पाणी असंच येतं का हो?’ हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. लोक यायच्या अर्धा तास आधी जाऊन सगळे नळ वाहते करायचे. बंद फ्रिज ठेवला असेल तर दार उघडं ठेवून, मध्ये काहीतरी अडकवून. दिवे सगळे लागतात ना, तेही बघायचं. आमच्या मागच्या बेडरूमची ट्यूब लुकलुकत होती आणि मी तीन महिने रोज ‘उद्या बदलू’ म्हणत होते.

उजेडाचं दुखणं एजंटच्या वेळेमुळे होतं. पार्ट्या ऑफिस सुटल्यावर येणार, म्हणजे रात्री साडेआठ. आमच्या हॉलला सकाळी दहा ते बारा असा सुंदर उजेड असतो की आई तिथे बसून गहू निवडायची. रात्री तोच हॉल पिवळ्या बल्बखाली गोदामासारखा दिसायचा. मी सरळ सांगितलं, पहिली भेट शनिवार-रविवार सकाळी दहा ते बारा, एरवी नाही. एजंट कुरकुरले. भेटी कमी झाल्या, निम्म्याच. पण आलेली माणसं वीस मिनिटं थांबायला लागली. दुसऱ्या भेटीला मात्र त्यांना हवी ती वेळ द्यायची, दुपारची, रात्रीची. पश्चिमेच्या खोल्या एप्रिलमध्ये दुपारी तापतात हे घेणाऱ्याने बघायलाच हवं. ते राहायला आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि क्षेत्रफळ. जाहिरातीत आम्ही ‘८५० चौरस फूट’ लिहिलं होतं, कारण १९९३ च्या करारनाम्यात तसं आहे. ते बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. आता लोक कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा मोजतात, बरेच जण लेझरचं मीटर घेऊनच येतात. आमचं कार्पेट भरलं ६४०. दोनशे फूट गायब झाल्यावर माणूस घर बघत नाही, आपल्याला कुठे कुठे फसवतायत ते बघत फिरतो. रेरा या बांधकाम प्रकल्पांसाठीच्या कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरायच्या, बाल्कनी वेगळी. आपली इमारत रेराच्या आधीची असली तरी मोजायला ही व्याख्या सोयीची, कारण घेणाऱ्याने नवे प्रकल्पही बघितलेले असतात आणि तो मनात तीच फूटपट्टी घेऊन येतो. आम्ही खोलीवार मापं घेतली, बाल्कनी वेगळी लिहिली, जाहिरातीत ६४० केलं. फोन कमी झाले. तोंडं वाकडी करून जाणारे थांबले.

छताकडे बघतात आणि गप्प होतात

ओल. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण यात मी सगळ्यात जास्त पैसे वाया घालवले.

बाथरूमबाहेर पॅसेजच्या छताला हातभर डाग होता, रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि कडेने पांढरा खार. पहिल्यांदा मी रंगाऱ्याला बोलावून तेवढाच तुकडा पुट्टी मारून रंगवून घेतला. दीड महिन्यात डाग परत वर. त्याहून वाईट म्हणजे डाग परत यायच्या आधीसुद्धा लोक तिथेच बघत होते. तीस वर्षांच्या मळकट छतावर एकच चौकोन नवा कोरा दिसत असेल तर तो डागापेक्षा जास्त बोलतो.

ओल कुठून येते हे शोधल्याशिवाय रंगाऱ्याला हाक मारू नका. ढोबळ खूण अशी: डाग जून ते सप्टेंबर ओला आणि उन्हाळ्यात कोरडा असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या वरच्या भागातून किंवा गच्चीतून येतंय. ऐन एप्रिलमध्येही हाताला गारवा लागत असेल तर ते पाइपचं किंवा वरच्या बाथरूमचं पाणी आहे. आमचं दुसरं. पैसे कुणी द्यायचे हे त्यावरच ठरतं. पावसाची गळती, बाहेरचे सामायिक पाइप आणि ड्रेनेज यांची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीने करायची असते. वरच्या घराच्या आतल्या बाथरूममधून पाणी येत असेल तर ते त्या घरमालकाचं काम.

वरच्या काकांना हे पटवायला महिना गेला. ‘आमच्याकडे तर एक थेंब दिसत नाही’ असं ते म्हणत राहिले. त्यांच्या बाजूने बघितलं तर खरंच दिसत नव्हता, थेंब आमच्याकडे होता ना. शेवटी प्लंबरने त्यांच्या नहाणीत रंगीत पाणी सोडलं आणि दोन दिवसांनी आमच्या छतावर तो रंग उमटला. त्यानंतर वाद झाला नाही. टाइल्सचे सांधे उकरून परत भरले, ट्रॅपच्या भोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. खर्च अर्धा मी दिला. कायद्याने द्यायला नको होता, पण मला घर विकायचं होतं आणि त्यांना नव्हतं.

त्यानंतर महिनाभर छत तसंच कोरडं होऊ दिलं, डागासकट. या काळात आलेल्या लोकांना मी स्वतःच छताकडे बोट दाखवून सांगायचे: गळती वरून होती, काम झालंय, हे बिल, सुकलं की पॅसेज पूर्ण रंगवणार. आश्चर्य म्हणजे या महिन्यात कुणी डागावरून परत गेलं नाही. झाकलेल्या डागाने मात्र किमान चार जण घालवले होते.

अर्धा तास रमतात, स्वयंपाकघराचं कौतुक करतात आणि गायब

इथे घराचा दोष नसतो. माणसाला घर आवडलेलं असतं. तो घरी जाऊन हिशेब मांडतो किंवा कुणाला तरी फोन करतो, आणि तिथे काहीतरी बिनसतं.

आमच्याकडे पहिली भानगड किमतीचीच होती, पण ती जास्त असल्याची नव्हती. फ्लॅट पाच एजंटांकडे दिला होता. एक ८८ लाख सांगत होता, दुसरा ९२, तिसरा ‘९५ आहे, पण मी बसवून देतो’. एकच जोडपं दोन वेगवेगळ्या एजंटांबरोबर आलं तेव्हा हे उघडं पडलं. ते जिना उतरताना एकमेकांकडे बघून हसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळ्या एजंटांना एकच मेसेज: किंमत ८८ लाख, कार्पेट ६४०, सगळा व्यवहार चेकने, याहून वेगळं सांगितलंत तर चावी परत. दोघांनी चावी परत दिली. बरं झालं.

‘सगळा व्यवहार चेकने’ हे पहिल्या फोनवरच सांगून टाका. ‘व्हाइट किती?’ (म्हणजे चेकने किती आणि रोखीने किती) हा प्रश्न घर बघून झाल्यावर दबक्या आवाजात येतो आणि तिथे गाडी अडली की दोघांचाही रविवार फुकट. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने घेणं कायद्याला मंजूर नाही. दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्या आपल्याला.

दुसरं, समोरच्याच्या खिशाचा हिशेब आपण स्वतः एकदा करून बघावा. मी केला आणि माझेच डोळे उघडले. ८८ लाखांच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देणार, म्हणजे ७० लाख ४० हजार. उरलेले १७ लाख ६० हजार त्याचे स्वतःचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख १६ हजार, आणि हे बँक कर्जात धरत नाही. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का. एकूण पंचवीस लाख रोकडा बाजूला असलेला माणूस हवा. ‘माझी ईएमआयची ऐपत आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी तरुण जोडप्यांकडे ते पंचवीस नसतात आणि हे त्यांना आपल्या हॉलमधून घरी गेल्यावर कळतं. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ८८ हजार वाचतात. हे मी प्रत्येक नवरा-बायकोला सांगायचे. दोन नवऱ्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

तिसरं कारण कागद, आणि यात चूक शंभर टक्के आमची. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, आईचं नाव, सोसायटीकडे नॉमिनी म्हणून माझं. मला वाटलं होतं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतं ते नाव. हक्क वारसांचा, आणि वारस आम्ही दोघं, मी आणि मेलबर्नला असलेला भाऊ. “भावाची सही कधी होणार?” असं कुणी विचारलं की मी “होईल हो, तो काही नाही म्हणणार नाही” असं हसून सांगायचे. ते ऐकून समोरच्याचा चेहरा पडायचा ते मला वहीत लिहून ठेवल्यावरच दिसलं. त्यातून विकणाऱ्यांपैकी एक जण परदेशी राहणारा असला की टीडीएसचे (घेणाऱ्याने किमतीतून आधीच कापून भरायच्या कराचे) नियम बदलतात. भारतात राहणाऱ्याकडून ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेताना घेणारा १ टक्का कापून भरतो, काम सोपं. अनिवासी विकणारा असेल तर कपात बरीच जास्त आणि कटकटही. घेणाऱ्याच्या सीएने एवढं सांगितलं की संपलं.

मार्चमध्ये आईच्या वर्षश्राद्धाला भाऊ आला तेव्हा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र, म्हणजे त्याने त्याचा हिस्सा मला सोडल्याचा कागद, नोंदवून घेतलं. स्थावराचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, साध्या कागदावर लिहून भागत नाही. मग सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं. हे सगळं घर बाजारात काढायच्या आधी करायचं असतं. मी भेटींमध्ये चार महिने घालवले आणि नंतर केलं.

आता एक फाइल हॉलच्या टेबलावरच ठेवायला लागले. १९९३ चा मूळ करारनामा आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), हक्कसोडपत्र, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, महापालिकेच्या मिळकतकराची ताजी पावती, वीजबिल, सोसायटीची येणी नसल्याचं पत्र. झेरॉक्स सगळ्या, मूळ प्रती घरी. फोटो काढू द्यायची नाही, वाचू द्यायची. जो माणूस बसून ती फाइल वाचतो तो खरा गिऱ्हाईक, हे ओळखायलाही फाइलचा उपयोग झाला.

बाल्कनी आत घेतलेली असेल किंवा मधली भिंत पाडलेली असेल तर तेही आधीच सांगा. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशा हातात धरून घर बघतो. आमची पुढची बाल्कनी बाबांनी ग्रिल लावून हॉलला जोडली होती. एका पार्टीचं टोकनपर्यंत आलेलं प्रकरण तिथे लांबलं, लांबलं आणि विरून गेलं.

एक जात आणखी असते आणि तिच्यावर काहीच इलाज नाही. एजंट तुमचं घर विकायला आणतच नाही, तुलनेसाठी आणतो. त्याला शेजारच्या गल्लीतलं दुसरं घर खपवायचं असतं आणि तुमचं दाखवून ‘बघा, त्या मानाने ते किती बरं’ म्हणायचं असतं. ओळखायची खूण: आठ मिनिटं, एकही नळ उघडला नाही, एकही प्रश्न नाही, आणि एजंट घड्याळाकडे बघतोय. एकाच एजंटकडून अशा तीन पार्ट्या आल्या की त्याच्याकडून चावी काढून घ्या.

आईवडिलांना घेऊन परत येतात, आणि मग फोन लागत नाही

दुसरी भेट म्हणजे निर्णय घेणारं माणूस आलं. ते बहुधा सासूबाई किंवा मोठे काका असतात आणि बहुधा धापा टाकत येतात, कारण लिफ्ट नाही. त्यांना आधी बसायला खुर्ची आणि पाणी. रिकाम्या घरात चार खुर्च्या ठेवाच. दम लागलेल्या माणसाला उभ्याने घर दाखवलंत तर त्याला जिनाच आठवतो.

आमच्या काकांना मात्र इथून लांब ठेवावं लागलं. काका भला माणूस, पण पार्टीला घर दाखवताना ते आईबाबांचा सगळा संसार दाखवायचे. “हा ओटा वहिनीने २००९ साली ग्रॅनाइटचा करून घेतला. या खिडकीत ती रोज…” आणि मग त्यांचा गळा दाटायचा. समोरच्या बिचाऱ्यांना कळायचं नाही की ओटा बघावा की काकांना धीर द्यावा. मी म्हटलं, “काका, तुम्ही फक्त कुलूप उघडा आणि बाल्कनीत बसा.” “अगं, पण त्यांना कळायला नको का घर कसं आहे ते?” ते रुसले दोन दिवस. मग पेपर घेऊन बाल्कनीत बसायला लागले. तिथून कुणी विचारलंच तर पाणी किती वाजता येतं तेवढं सांगायचे.

वास्तूवर वाद घालू नका. दार दक्षिणेला आहे हे जाहिरातीतच लिहिलं की ज्यांना चालत नाही ते येतच नाहीत आणि ज्यांना चालतं त्यांच्यासमोर तो विषय दुसऱ्या भेटीत अचानक उगवत नाही. एक गंमत सांगते. एक गृहस्थ मोबाइलवरचं होकायंत्र लोखंडी सेफ्टी डोअरला चिकटवून दिशा बघत होते आणि दार आग्नेयेला आलं म्हणून खूश झाले. लोखंडाजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. मी त्यांना चार पावलं मागे येऊन परत बघायला सांगितलं. पार्टी गेली. पण ते टोकन दिल्यावर कळून गेले असते तर?

“आई याच घरात गेल्या का?” हा प्रश्न एका आजींनी विचारला. पहिल्यांदा मला राग आला. मग सांगितलं: “हो, झोपेत, शहात्तराव्या वर्षी.” आजी म्हणाल्या, “मग चांगलं आहे घर.” या प्रश्नावर कधीही खोटं बोलू नका, खालच्या मजल्यावर विचारून सगळं कळतं.

खालचा मजला हा खरा निकाल लावणारा. दुसऱ्या भेटीनंतर लोक वॉचमनशी बोलतात, पार्किंगमध्ये कुणा काकूंशी बोलतात. आमच्याकडे कुणीतरी सांगत होतं की इमारत रीडेव्हलपमेंटला निघालीय आणि दुसरं कुणीतरी सांगत होतं की सोसायटीत भांडणं आहेत, कधीच होणार नाही. घेणारा दोन्ही ऐकून पळायचा. खरी स्थिती इतकीच होती की वार्षिक सभेत विषय निघाला होता आणि पुढच्या सभेवर ढकलला होता. मी सेक्रेटरींकडून त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत घेऊन फाइलमध्ये लावली. त्याच्याच मागे एक पान: मेंटेनन्स महिना किती, पाणी किती वाजता, इमारतीचं अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय की नाही, पार्किंगचा नियम काय. पार्किंगबद्दल जपून बोला. जुन्या सोसायट्यांत जागा सोसायटी ठरवते, वर्षागणिक बदलतेसुद्धा. करारनाम्यात नसेल तर ‘पार्किंगसकट’ असं म्हणायचं नाही. हस्तांतराच्या प्रीमियमवरूनही, म्हणजे घराचा मालक बदलताना सोसायटी घेते त्या रकमेवरूनही, घोळ होतो. महापालिका हद्दीत सोसायटीला तो जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो, ही मर्यादा सरकारच्या २००१ च्या परिपत्रकातली आहे. कुणी लाखाचा आकडा सांगून तुमच्या पार्टीला घाबरवत असेल तर परिपत्रकाची प्रत फाइलमध्ये ठेवा.

वॉचमनला मी काहीच शिकवलं नाही. फक्त आता पार्टी येणार असली की आधी फोन करून सांगायचे, “दादा, अकरा वाजता माझ्याकडे माणसं येणार आहेत.” आधी त्याला कुणी सांगतच नव्हतं, आणि तो प्रत्येकाला गेटवर अडवून ‘कुठे, कशाला, कुणाकडे’ करायचा.

फोनच येत नसतील तर

मग भेटीचा प्रश्नच नाही, जाहिरात बघा. सकाळी खिडक्या उघडून काढलेले फोटो, कार्पेट, मजला, लिफ्ट नाही हे स्पष्ट, दाराची दिशा, मेट्रोचं वनाज स्टेशन किती मिनिटं चालत. आणि पंचांग बघा. पितृपक्षात माणसं फिरकत नाहीत. पौषात बघून जातात, टोकनचं नाव काढत नाहीत. आमचा अख्खा जानेवारी त्यातच गेला होता आणि मी उगाच किंमत उतरवली.

जुलैत भर पावसात एक जोडपं आलं, बरोबर त्यांचे वडील. चपला दाराबाहेर काढल्या. वडील खुर्चीवर बसले आणि फाइल वाचायला लागले. मुलाने पॅसेजच्या छताला टाचा उंचावून हात लावून बघितला. कोरडं होतं. सुनेने मागच्या बेडरूममध्ये जाऊन फोनची रेंज बघितली, तिला घरून काम करायचं असतं. पन्नास मिनिटं. वहीत शेवटचा प्रश्न असा लिहिलाय: “दूधवाला किती वाजता येतो?” त्यांनीही ‘कळवतो’च म्हटलं, पण त्याच संध्याकाळी कळवलं. ८६ ला ठरलं, सुनेच्या नावावर.

ऑगस्टअखेर खरेदीखत नोंदवलं, चावी दिली. पितृपक्ष आडवा आला म्हणून त्यांनी वास्तुशांत दसऱ्यानंतर ठेवली आणि घर तोवर बंदच राहिलं. ऑक्टोबरात त्यांचा फोन आला, जरा अवघडलेल्या आवाजात: “ताई, रागावू नका, पण बाथरूमच्या पॅसेजमध्ये कसला तरी वास येतोय.”

म्हटलं, नहाणीत बादलीभर पाणी ओता. आणि वरून चमचाभर तेल.